गोव्यातल्या उसगाव-तिस्कावरच्या होजवाल्याकडून (हायड्रॉलिकच्या नळ्या बनवणाऱ्याकडून) जुन्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक फिल्टर बसवून घेतला, एक अख्खा पावसाळा वापरून लिहितोय

आमचा ट्रॅक्टर १९९२ चा, ३५ एचपी, बाबांनी घेतलेला. कंपनी कुठली ते सोडा, त्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांची हीच गत आहे, हायड्रॉलिकला, म्हणजे तेलाच्या दाबाने नांगर वगैरे उचलणाऱ्या यंत्रणेला, वेगळी टाकी नाही, गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गिअरांचं) जे तेल तेच पंप ओढतो, आणि मध्ये गाळणी म्हणून काय तर तारेची जाळी. जाळीत खडा अडतो, तुटलेला पत्र्याचा तुकडा अडतो, पण गिअर घासून जी बारीक भुकटी सुटते ती आरपार जाते आणि पंप खाते ती हीच. आपल्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं दिसतच नाही, त्यामुळे तेल बोटावर घेऊन बघितलं, स्वच्छ दिसलं, म्हणून ते स्वच्छ असतं असं अजिबात नाही.

चार वर्षांत दोन पंप गेले. आधीचा मेकॅनिक दर वेळी पंप बदलायचा, तेल बदल म्हणायचा, पैसे घ्यायचा, पंप का जातोय हे एकदाही बघितलं नाही. दुसरा पंप गेला तो ऐन चिखलणीत, सत्तरीत आमच्याकडे शेतं दोन-तीन दिवसांच्या पाण्यावर असतात, तेव्हा ट्रॅक्टर उभा राहिला की काय होतं ते शेतकऱ्यालाच माहीत. दुसऱ्याचा भाड्याने आणला, तेव्हाच ठरवलं की पुढच्या पावसाच्या आधी फिल्टर बसवायचाच.

तिस्कावर होज पाईप क्रिंप करून, म्हणजे नळीच्या टोकाला फिटिंग दाबून बसवून देणारं एक छोटं दुकान आहे, एक मेस्त्री आणि हाताखाली एक मुलगा. खाणी चालू होत्या तेव्हा हा माणूस एक्स्कॅव्हेटर आणि टिपरची हायड्रॉलिकची कामं करायचा, २०१२ ला खाणी बंद पडल्यावर त्या भागातल्या कितीतरी गॅरेजांना कुलूप लागलं, हा टिकला कारण त्याने लोडर, बोअरवेलच्या गाड्या, ट्रॅक्टर, जे येईल ते हातात घेतलं. ते शिक्षण त्याच्या कामात दिसतं.

मी गेलो होतो ते डोक्यात धरून की गिअरबॉक्सची तेलाची पेटी आणि पंपाच्या मधल्या पाईपात फिल्टर टाकायचा, म्हणजे घाण पंपात जायच्या आधीच अडेल. ऐकायला बरोबर वाटतं ना? मेस्त्री सरळ नाही म्हणाला. पंप तेल ओढतो ते अगदी कमी जोरावर, तिथे बारीक फिल्टर आला आणि जरा चोंदला किंवा तेल जाड असलं की पंप उपाशी राहतो, तेलात बुडबुडे होतात, पंप आत खडे भरल्यासारखा वाजतो आणि फिल्टर नसताना जेवढा टिकला असता त्याच्याही आधी जातो. पंपाच्या पुढे, प्रेशरच्या बाजूला बसवायचा तर तिथे दीडशे बारच्या आसपास दाब, त्याला जाड कास्टिंगचं हाउसिंग लागतं आणि ते महाग. म्हणून रिटर्नला बसवायचा, काम करून तेल परत पेटीत येतं त्या पाईपात, तिथे दाब जेमतेम, इंजिन ऑइल फिल्टरसारखा डबा फिरवून बसतो आणि हाताने निघतो.

आमच्या ट्रॅक्टरला शेणखत आणि माती भरायला पुढे लोडर आहे, त्याचा लिव्हर-व्हॉल्व्ह आणि मागे नांगर उचलणारी लिफ्ट यांच्यात एक सिलेक्टर आहे, तेल एकतर लिफ्टला किंवा लोडरला. लोडरच्या व्हॉल्व्हची रिटर्न नळी बाहेरून येते म्हणून हे शक्य झालं. लिफ्टचं तेल आतल्या आत पेटीत पडतं, ते फिल्टरमधून जात नाही, हे मेस्त्रीने आधीच सांगितलं, लपवलं नाही. त्याने युक्ती दिली ती अशी की आठवड्यातून एकदा सिलेक्टर लोडरवर टाकून, लिव्हर मध्ये ठेवून, उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन अर्धा तास स्लोवर चालू ठेवायचं. पेटीत तीस लिटर तेल, पंप मिनिटाला पंधरा-एक लिटर फेकतो, म्हणजे सगळं तेल अर्ध्या तासात फिल्टरमधून कितीतरी फेऱ्या मारतं. मी हे पावसाळाभर केलं, संध्याकाळी ट्रॅक्टर धुवायच्या आधी.

फिल्टर निवडताना पण घाई केली नाही. पेटीत तेल कुठलं ते विचारलं, आमचं जुनं जाड गिअर ऑइल, म्हणून १० मायक्रॉन नको २५ घे म्हणाला, आणि काचेच्या तंतूंचा, कागदी नको, कारण आपल्याकडे तेलात पाणी जातंच आणि पाण्याने कागद फुगतो. डबा ज्यावर फिरवून बसतो त्या हेडमध्ये २५ पीएसआय दाबाला उघडणारा बायपास आहे, फिल्टर चोंदला तरी तेलाला वाट राहते. तो लावत होता ते मी बाजूला उभा राहून बघितलं, जोडाला टेफलॉन टेप वापरली नाही, त्याचे तुकडे सुटून तेलात जातात म्हणे, रबर लावलेले वॉशर घातले. रिटर्नच्या पाईपाला कॉक बसव असं मी सुचवलं, फिल्टर बदलताना तेल सांडू नये म्हणून, तर तो जवळजवळ ओरडलाच, चुकून बंद राहिला आणि ट्रॅक्टर चालू केला तर डबा फुटेल. आणि नळीचं पेटीतलं टोक तेलाच्या पातळीखाली जाईल असं आतून पाईप जोडून दिलं, नाहीतर वरून धार पडून फेस होतो.

मावसभावाकडे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे, जुना, त्यात पंप मागच्या पेटीच्या आत तेलात बुडालेला, आणि बाहेर फक्त ट्रॉली उचलायची एक नळी. माझं बघून तोपण गेला, त्या नळीत फिल्टर टाकून द्या म्हणाला. मेस्त्रीने परत पाठवलं. त्या एकाच नळीतून तेल जातं पण आणि येतं पण, आत जाताना पूर्ण दाब डब्यावर, आणि खाली येताना उलट्या प्रवाहाने अडकलेली घाण पुन्हा बाहेर. तू तेल वेळेवर बदल आणि जाळी धू, एवढं सांगितलं, एक रुपया घेतला नाही. मला या दुकानाबद्दल लिहावंसं वाटलं ते खरं म्हणजे या गोष्टीमुळे.

खर्च हेड, डबा, दोन नवीन नळ्या, फिटिंग आणि मजुरी धरून साडेपाच हजारांच्या आत. एका पंपाच्या किमतीपुढे हे काहीच नाही.

आता खटकलेलं. ब्रॅकेट त्याने मडगार्डच्या खाली लावला, केजव्हील (चिखलणीची लोखंडी पिंजऱ्यासारखी चाकं) लावून चिखलात उतरल्यावर सगळा चिखल डब्यावर, चार दिवसांत नट सैल झाला आणि डबा हलायला लागला. परत गेलो तेव्हा फुकट वर उचलून दिला, स्प्रिंग वॉशर घातले, पण हे पहिल्यांदाच सुचायला हवं होतं, चिखलातल्या ट्रॅक्टरचं काम आहे. चोंदल्याचं दाखवणारं छोटं मीटर पण मीच नंतर मागून लावून घेतलं, त्याशिवाय फिल्टर कधी बदलायचा हे कळतच नाही. आणि वेळ, सकाळी नऊला गेलो तर संध्याकाळचे सहा, मधे दोन जेसीबीवाले आले आणि त्यांना आधी घेतलं.

पहिला डबा दहा तासांतच काढला, इतक्या वर्षांचा गाळ येणार म्हणून. हॅक्सॉने कापू नका, ब्लेडचा कीस आत पडतो आणि कशाचा कीस कुठला कळत नाही, कडेने कटर फिरवून उघडायचा. आत घड्यांमध्ये काळा चिखलासारखा लेप, चुंबकाला चिकटणारी भुकटी आणि मधे मधे पितळी चमक. हे सगळं पंपातून फिरत होतं. दुसरा डबा साठ तासांवर काढला तर लेप नाही, चमक अगदी थोडी. लिफ्ट पूर्वी नांगर वर धरून हळूहळू खाली यायची ती अजून येते, सिलिंडरचं सील झिजलंय, ते फिल्टरने बरं होणार नव्हतंच. पण पंपाचा आवाज बदललाय, गरम तेलावर जो कण्हल्यासारखा आवाज यायचा तो गेला.

पाण्याला मात्र हा उपाय नाही. तेल दुधासारखं झालं तर फिल्टर काही करत नाही, गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर बदला, आणि ट्रॅक्टर रात्रभर उभा असेल तेव्हा सकाळी चालू करायच्या आधी खालचा नट थोडा सैल करून बघा, सुटं पाणी तळाला बसतं, ते आधी येतं, तेल दिसलं की घट्ट करा. जुलैत मी दोनदा पेलाभर काढलं.

जाणार असाल तर ट्रॅक्टरच घेऊन जा, नुसतं माप घेऊन गेलात तर तो काम घेत नाही, आणि मे महिन्याच्या आधी जा, त्यानंतर सगळ्यांनाच आठवण येते. फिल्टरचा एक जादा डबा तेव्हाच विकत घेऊन ठेवा, २५ मायक्रॉनचा तोच डबा मला नंतर म्हापशात दोन दुकानं फिरूनही मिळाला नाही, शेवटी परत तिस्कालाच यावं लागलं.