डोमेन कुणाच्या खात्यात आहे, ते आजच बघा

फोटोग्राफरना वेबसाइटच्या नावाखाली गंडवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आठ-दहा हजारांत वेबसाइट, वर ‘डोमेन-होस्टिंग फ्री’, म्हणजे साइटचा पत्ता आणि ती ठेवायची जागा फुकट. काम खरोखर होतं, साइट देखणी असते, त्यामुळे वर्षभर शंका येत नाही. तोवर तिचा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, अल्बमच्या शेवटच्या पानावर आणि वॉटरमार्कमध्ये छापून झालेला असतो. मग तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर, ऐन बुकिंगच्या दिवसांत, साइट बंद पडते आणि रिन्यूअलसाठी वीस-पंचवीस हजार मागितले जातात. डॉट कॉम किंवा डॉट इनचा वर्षाचा खर्च साधारण हजार-दीड हजार असतो.

एवढी मागणी करण्याची हिंमत होते, कारण डोमेन डिझायनरने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं असतं. पैसे तुम्ही दिले, नाव तुमच्या स्टुडिओचं आहे, याच्याशी रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, देणंघेणं नसतं. तो खातेदारालाच ओळखतो.

‘हूइज’वर, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या सेवेवर, शोधून समाधान मानू नका. तिथे मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते, एवढंच कळतं. त्या रजिस्ट्रारच्या साइटवर जा, ‘पासवर्ड विसरलो’ दाबा आणि आपला ईमेल टाका. रीसेटचा मेल आला, लॉगिन झालं आणि आत डोमेन दिसलं, तरच ते तुमच्या हातात आहे.

यात साइटपेक्षा मोठा धोका ईमेलचा. स्टुडिओचा मेल त्याच डोमेनवर असेल, तर डोमेनच्या सेटिंगमधली (डीएनएस) मेल कुठे जावा हे ठरवणारी एमएक्स नोंद बदलून समोरचा तुमचे सगळे मेल स्वतःकडे वळवू शकतो. इन्स्टाग्रामचा पासवर्ड रीसेटही मग त्याच्याकडेच जातो. म्हणून इन्स्टाग्राम, बँक आणि गूगल बिझनेस प्रोफाइल यांना वेगळा, साधा जीमेल जोडा.

संबंध चांगले आहेत तोवरच डोमेन मागून घ्या. त्याच रजिस्ट्रारकडे आपलं खातं उघडून डोमेन त्यात ‘पुश’ करायला, म्हणजे त्याच्या खात्यातून आपल्या खात्यात टाकायला, सांगणं सर्वांत सोपं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर डोमेनवरचं लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे हलवण्याचा पासवर्ड, लागतो, आणि डॉट कॉम नवं घेतल्यापासून 60 दिवस हलवता येत नाही. मुदत संपली असेल तर घाई करा. मुदतीनंतर रिन्यू करायला रजिस्ट्रारची सवलत जास्तीत जास्त 45 दिवसांची, काही जण त्याहून कमी देतात. त्यानंतरच्या 30 दिवसांत डोमेन सोडवायला जबर दंड पडतो, आणि पुढे 5 दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतो. पण हे सगळं खातेदारालाच करता येतं, मेख तिथेच आहे.

साइट ज्यावर बनते त्या वर्डप्रेसचं लॉगिन मिळालं म्हणजे साइट मिळाली असंही नाही. बरेच जण ‘एडिटर’ लॉगिन देतात. त्यात फोटो चढवता येतात, पण प्लगइन (जोड-सुविधा) टाकता येत नाही की साइट एक्स्पोर्ट करता येत नाही. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’च हवं, शिवाय होस्टिंगचं लॉगिन. बॅकअपमध्ये अपलोड्स फोल्डर (फोटो) आणि डेटाबेस (मजकूर आणि गॅलरीच्या नोंदी) दोन्ही घ्या. नुसत्या फोटोंवरून गॅलरी परत उभी राहत नाही. थीमची, म्हणजे साइटच्या तयार डिझाइनची, पावतीही मागा. चोरीच्या थीममध्ये अनेकदा सट्ट्याच्या साइटचे छुपे दुवे असतात, आणि गूगलच्या निकालात तुमच्याच नावाखाली ‘ही साइट हॅक झालेली असू शकते’ असा इशारा झळकतो.

नवं काम देताना डोमेन आपल्या कार्डाने आधी स्वतः घ्या. शेवटचा हप्ता अ‍ॅडमिन लॉगिन आणि बॅकअप हातात आल्यावरच द्या.

आधीच अडकला असाल, तर मागितलेली रक्कम लगेच भरू नका; डोमेन त्याच्याच खात्यात राहिलं, तर पुढच्या वर्षी हीच मागणी पुन्हा येईल. त्याच दिवशी दुसरं डोमेन घ्या आणि बिझनेस प्रोफाइल व इन्स्टाग्रामवरचा दुवा बदला. यूपीआयच्या पावत्या, कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. डॉट इनसाठी ती डोमेन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडे वाद दाखल करता येतो, पण तिथे नावावरचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू सिद्ध करावा लागतो. स्टुडिओच्या नावाचा ट्रेडमार्क किंवा त्या नावाची जुनी बिलं असतील, तर ती आताच शोधून ठेवा.