इस्फहानचं हरीण आणि माझे 77,960 रुपये

इराणमध्ये जुनं चित्र म्हणून नकली पान विकत घेऊन मी फसलो. हे लिहायला मला सात महिने लागले, कारण लाज वाटत होती. गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एक ताई म्हणाल्या, "इराणला चाललोय, तिकडून एखादं जुनं चित्र आणणार आहे." तेव्हा ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

मी बावीस वर्षं देवनागरी सुलेखन शिकवतो, बोरूने. फारसी नस्तालीक लिपीचं वेड जुनंच. 2024 मध्ये भारतीयांना विमानाने जाऊन पंधरा दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं, म्हणून सप्टेंबरमध्ये आम्ही नवराबायको गेलो. आपली कार्डं तिथे चालत नाहीत, त्यामुळे सगळे पैसे रोख डॉलरमध्ये. हे आधीच लक्षात ठेवा: रोख दिलेल्या पैशांचा माग कुठेच उरत नाही.

दुकान इस्फहानमध्ये, नक्श-ए-जहान चौकामागच्या गल्लीत. चहा, आपुलकी, "तुम्ही स्वतः कलाकार, म्हणून आतलं दाखवतो", हा सगळा प्रकार तुम्हाला माहीत आहे, तो सांगत बसत नाही. दुकानदाराने आतून एक पान आणलं. वर काळ्या रेषेत काढलेलं तपकिरी हरीण, मान मागे वळवलेली. खाली तिरप्या चार ओळी नस्तालीकमध्ये, कडेला सोन्याचा शिडकावा. म्हणाला, सफवी काळातल्या (म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इराणच्या) मुरक्क्याचं पान आहे, ओळी कवी हाफिजच्या आणि सही नस्तालीकचा मोठा उस्ताद मीर इमाद याची.

मुरक्का म्हणजे अल्बम. शब्दाचा अर्थच ठिगळं जोडलेला. एका उस्तादाचं चित्र, दुसऱ्याचं अक्षर, दोन्ही कापून एका पानावर चिकटवायचं आणि भोवती हाशिया, म्हणजे कडेची चौकट, सजवायचा, ही तिथली खरीखुरी रीत. 1544-45 मध्ये दोस्त मुहम्मद या कलाकाराने सफवी राजपुत्र बहराम मिर्झासाठी असाच अल्बम जुळवला, तो आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. आपल्या जहांगीराचा गुलशन मुरक्का तेहरानच्या गुलिस्ताँ राजवाड्यात आहे. त्यात बिहजाद या नामवंत इराणी चित्रकाराचं झुंजणाऱ्या उंटांचं चित्र आहे आणि जहांगीराच्या दरबारातल्या नान्हाने केलेली त्याची नक्कलही. हे सगळं मी वाचलेलं होतं, आणि त्याच वाचनाने माझा घात केला. ओळींच्या कडेला कापल्याची खूण दिसली, तर मला वाटलं, हाच तर अस्सलपणाचा पुरावा! अडाणी माणसाने निदान विचारलं असतं की हे चिकटवलेलं का आहे.

आता तो क्षण सांगतो. रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. हरणाच्या मानेवर कसरीने पाडलेलं बारीक छिद्र होतं. मी भिंग लावलं. छिद्राच्या आतल्या कडेला तपकिरी रंग उतरलेला दिसला. कागदाला भोक पडल्यावर रंग लावला असेल तरच तो आत उतरतो. म्हणजे भोक जुनं, हरीण नवीन. मी बोट ठेवून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "डागडुजी केली आहे." मी मान डोलावली. शिकवताना शाईचा एक थेंब फुटला तरी मुलांना कागद बदलायला लावणारा मी!

पुढे त्याने दोन कागद दिले. एकावर शिक्का मारून "सफवी काळ", त्याचे वेगळे 40 डॉलर. दुसरी पावती, "नवीन हस्तकला, 850 डॉलर". म्हणाला, जुनी वस्तू देशाबाहेर नेऊ देत नाहीत, विमानतळावर ही दाखवा. एकाच टेबलावर एकाच वस्तूची दोन वयं लिहून मिळाली आणि मी दोन्ही पाकिटात ठेवली. हो, तिथे माझंही चुकलं. पण मी काही तस्कर नाही. बायको गाडीत वाट बघत होती, त्याने 1,400 वरून 850 वर आणलं होतं, आणि ते हरीण खरोखर सुंदर होतं.

पुण्यात फ्रेमवाल्याने ट्यूबलाइटखाली धरून सांगितलं, "सर, अक्षर छापील वाटतंय." मी त्याच्यावर डाफरलो आणि 3,200 ची फ्रेम करून घेतली. त्याची आता माफी मागितली आहे. नंतर एका निवृत्त फारसी शिक्षकांकडे नेलं. त्यांनी ओळी वाचल्या: मी गेलो, तू गेलास, तो गेला. व्याकरणाच्या पुस्तकातली क्रियापदांची रूपं! मागचा पुठ्ठा सोडवला तर पाठीवरही छपाई, आणि तळाशी "बम्बई". एकोणिसाव्या शतकात मुंबईत फारसी पुस्तकं शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापण्याच्या पद्धतीने, भरपूर छापली जायची. मीर इमाद 1615 मध्ये इस्फहानमध्येच मारला गेला, आणि शिळाछाप निघाला अठराव्या शतकाच्या शेवटी. सही तेवढी वरून शाईने केलेली. बोरूच्या फटकाऱ्यात शाई कुठे दाट, कुठे फिकी पडते. या ओळींत सगळीकडे एकसारखी काळी. हे मला दिसायला नको होतं?

एकूण 850 डॉलर, 84 च्या भावाने 71,400 रुपये. 40 डॉलरचे 3,360. फ्रेम 3,200. बेरीज 77,960.

तक्रारीचं ऐका. चौकीत हवालदार म्हणाले, हद्द आमची नाही. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब जेवायला गेलेले, दीड तास बाकावर बसलो. आले आणि पावती वाचून म्हणाले, "यात नवीन हस्तकला लिहिलंय, तुम्हाला नवीन हस्तकला मिळाली. फसवणूक कुठली?" वर हसले. ऑनलाइन गुन्ह्यांच्या नंबरवर सांगितलं, रोख व्यवहार आमच्याकडे येत नाही. परदेशातल्या भारतीयांना मदत करतात म्हणे, त्या कार्यालयाला तीन मेल केले. एकाला उत्तर आलं: स्थानिक वकील गाठा. 850 डॉलरसाठी इस्फहानमध्ये वकील! सहल कंपनी म्हणते, खासगी खरेदीशी आमचा संबंध नाही. मग त्यांचाच गाइड मला त्या गल्लीत का घेऊन गेला? याचं उत्तर आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

कागद जुना म्हणून चित्र जुनं समजू नका, जुन्या छापील पानांवर नवं चित्र काढून विकणं हा धंदाच आहे. मजकूर वाचता येणाऱ्या माणसाला फोटो पाठवल्याशिवाय पैसे काढू नका. आणि त्याच चौकात समोर बसून बारीक कुंचल्याने चित्रं काढणारे, नवीन माल नवीन म्हणूनच विकणारे कलाकार आहेत, त्यांच्याकडून घ्या. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेलो आणि थांबलो नाही.

पान फ्रेममधून काढून ठेवलं आहे. कुणाला बघायचं असेल तर या, भिंग माझ्याकडे आहे. हरणाच्या मानेवरचं ते छिद्र दाखवतो.