खटक्यावर बोट जाग्यावर पलटी, पण आधी विचारा तरी!

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॅफेत शनिवारी ट्रेटर्स नाईट असती, म्हणजे 'द ट्रेटर्स' शोवरचा गेम: खेळणाऱ्यांत काही गद्दार लपलेले, ते रात्री एकाचा 'खून' करून त्याला बाद करतात, आणि दिवसा सगळे मिळून संशय येईल त्याला मत देऊन बाहेर काढतात. आम्ही सहाजण गेलतो, बाकी आठ अनोळखी, माणशी ३०० रुपये त्यात एक कोल्ड कॉफी. नाव लिहीत न्हाई, पोरं नवीन हायत. करण जोहरचा जैसलमेरवाला ट्रेटर्सचा सीझन (२०२५) बघून आमचा ग्रुप येडा झालाय म्हणून ही सगळी उठाठेव.

तीन गद्दार होते, त्यातला एक आम्ही पहिल्याच फेरीला शिट्ट्या मारत बाहेर काढला, आणि आता उरलेल्या दोघांनी आमच्यातला एक फोडून गद्दार करायचा. खरी मजा हितंच असती राव! शोमधी त्या रात्री खून करायच्या ऐवजी ऑफर देतात, समोरचा नाही म्हणला तर ऑफर बी गेली आणि खून बी गेला. गद्दार एकटाच उरला असला तर मग सरळ दमच, ये नाहीतर मर. हितं होस्टनं काय केलं, एकाला पॅसेजमधी नेलं, त्याचं कार्ड बदलून गद्दाराचं दिलं, जा बस. ही काय भरती म्हणायची का, ही तर सरकारी बदली झाली!

आणि दबकून दमानं फोडावं तर त्या गड्याच्या पायात करकर वाजणारी कोल्हापुरी. डोळे सगळ्यांचे झाकलेले पण कान उघडे की, करकर गेली, करकर आली, सकाळ झाल्यावर सगळ्यांची बोटं त्याच्याकडं. बिचारा दोन मिनिटंबी गद्दार न्हाई टिकला.

दम देऊन घेतलेला माणूस कसा उलटतो ते बीबीसीच्या ट्रेटर्सच्या पहिल्या सीझनला (२०२२) बघा, एकटा उरलेल्या गद्दार विल्फनं किरनला असंच ये नाहीतर मर करून घेतला आणि फायनलला त्याचाच बळी द्यायला गेला, तर किरननं जाताजाता असा सूचक टोला हाणला की विल्फचं पितळ उघडं. हे कधी होतं, तर माणसाला आपण कुठल्या भावात फुटलो ते माहीत असतं तेव्हा. नुसत्या कार्डावर कसला राग येणार?

बाकी होस्ट पोरगं बोलायला लई भारी, कॉफी पाणचट, एसी बंद.

मालकाला सगळं सांगितलं तर म्हणला, पुढच्या वेळी चपला बाहेर काढायला लावतो. अहो मालक, नियमाचं बोलतोय मी!