बाईकचा क्लच स्लिप मारतोय: घरी खोलू की मेकॅनिककडे देऊ?

चौथा गिअर, रेस पिळली की इंजिन बोंबलतं पण गाडी आहे त्याच स्पीडला, आमच्या देवगड साईडला म्हणतात तसं "रेस घेता पण पळणा नाय". आंब्याचा सीझन संपत आला की हे दुखणं हमखास निघतं, कारण दोन महिने बागेतल्या जांभ्याच्या चढणीवर मागे पेट्या बांधून हाफ क्लचवर, म्हणजे लीव्हर अर्धा दाबून, गाडी ओढलेली असते, क्लचच्या आतल्या एकमेकींना घट्ट धरणाऱ्या प्लेटी झिजणार नाहीत तर काय होणार. मग प्रश्न येतो की स्वतः खोलायचं, गावातल्या गॅरेजला द्यायचं, की तालुक्याला किंवा कणकवलीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची. मी पहिले दोन्ही करून बसलोय, तिसरं एकदा.

पण त्याआधी एक फुकटचं काम, ते केल्याशिवाय एकही नट फिरवू नका. क्लच लीव्हरच्या टोकाला खेळ बघा, म्हणजे केबल ताणायला लागेपर्यंत लीव्हर किती मोकळा हलतो ते, बहुतेक गाड्यांना 10 ते 20 मिमी लागतो. खेळच नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटीसुद्धा घसरतात. आणि आपल्याकडे खारा वारा, केबल आतून गंजते, लीव्हर सोडला तरी ती पूर्ण मागे येत नाही. शेजारचे काका मला आधीच म्हणाले होते, "आधी केबल बघ रे, मगे इंजिन खोल." मी ऐकलं नाही तो भाग वेगळा.

दुसरं म्हणजे ऑइल. बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो (JASO, दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 लिहिलेलंच ऑइल हवं. एमबी लिहिलेलं घसरडं असतं, ते स्कूटरसाठी. मी एकदा भावाच्या कारचं उरलेलं ऑइल "वाया कशाला घालवायचं" म्हणून ओतलं, फोंडा घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी रडायला लागली, दोनदा ऑइल बदललं तेव्हा कुठे ती जागेवर आली. म्हणजे वाचवलेलं लिटरभर ऑइल दोन लिटरला पडलं.

हे दोन्ही ठीक आहे आणि तरी घसरतोय, तर प्लेटी किंवा स्प्रिंगा गेल्यात. आता तुलना.

घरी करायचं तर पैशाचा फायदा फक्त लेबरचा, पार्ट तेच लागतात. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीचा प्लेट सेट साधारण हजाराच्या आत येतो, कव्हरखालचं पॅकिंग (गॅस्केट) शे-दीडशेत, आणि लिटरभर ऑइल. खरा फायदा वेगळाच, तुम्ही स्टील प्लेट काचेवर ठेवून बघता वाकलीय का, तापून निळी पडलीय का, स्प्रिंगा नव्या टाकता, नव्या प्लेटी बसवायच्या आधी ऑइलमध्ये भिजत ठेवता. गॅरेजला गर्दी असली की हे सगळं गाळलं जातं आणि नुसत्या प्लेटी बदलून गाडी हातात येते, जुन्या थकलेल्या स्प्रिंगांवर.

पण घरचं काम अडतं कुठे, तर दोन ठिकाणी. एक, तुमच्या गाडीचा क्लच कसा उघडतो. काही गाड्यांत स्प्रिंगांचे बोल्ट काढले की प्रेशर प्लेट हातात येते आणि प्लेटी एकेक करून बाहेर, तिथे टी-पान्यावर भागतं. बऱ्याच रोजच्या गाड्यांत मात्र मधला नट काढावाच लागतो, त्याला खास गोटी (सॉकेट) आणि हब, म्हणजे प्लेटी बसतात तो मधला गाभा, धरून ठेवायचा होल्डर लागतो. तो नाही म्हणून छिन्नी-हातोडीने नट फिरवणारे मी पाहिलेत, नटाच्या खाचा जातात आणि मग गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते. तुमच्या मॉडेलचं काय ते आधी विचारून घ्या, निर्णय अर्धा तिथेच होतो.

दुसरी अडचण खास आपल्या किनाऱ्याची. कव्हरचे स्क्रू लोखंडी, कव्हर अॅल्युमिनियमचं, खाऱ्या हवेत ते एकमेकांना असे धरून बसतात की पाना लावला की डोकं गोल. समुद्राजवळ पाच-सहा वर्षं उघड्यावर राहिलेली गाडी असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं ऑइल मारून ठेवा, आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीने ठोकलं की फिरणारा स्क्रू ड्रायव्हर) नसेल तर सरळ गॅरेजला द्या. ठोकून ढिला करायचं ते एक काम मेकॅनिक पाच मिनिटांत करतो, तुमचा रविवार जातो.

सर्व्हिस सेंटरला गोटी, होल्डर, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) सगळं असतं, ओरिजिनल पार्ट मिळतो, पण गाडी ठेवून एसटीने परत या, मग पुन्हा आणायला जा. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र दुसरीकडे हात लावू देऊ नका. गावातला मेकॅनिक मला मधला मार्ग वाटतो, एका अटीवर, पार्ट तुम्ही आणून द्या आणि खोलताना समोर उभे राहा. हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटी ज्यात बसतात त्या बाहेरच्या डब्याच्या, बोटांना प्लेटींनी खाचे पाडलेत का तेही दाखवायला सांगा, खोल खाचे असतील तर नव्या प्लेटी टाकूनही क्लच अडकत-अडकत सुटणार.

माझं मत विचाराल तर नुसते स्प्रिंग बोल्टवाली गाडी, स्क्रू न गंजलेले आणि महिना एप्रिल-मे, तर घरी. जून-जुलैत पडवीत इंजिन उघडं टाकून पागोळ्यांचे शिंतोडे आणि वाऱ्याबरोबर येणारी खळ्यातली माती आत घ्यायची हौस मला नाही. घरी करणारच असाल तर पॅकिंग दोन आणा, जुनं खरवडताना कव्हरला ओरखडा पाडू नका, आणि ते छोटे स्प्रिंग बोल्ट समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत जा, जोर लावलात तर आतले आटेच निघून येतात. दुकानात जाताना जुनी प्लेट पिशवीत घालून न्या, एकाच नावाच्या गाडीत मॉडेल बदललं की प्लेटीचे दात आणि संख्या बदलते, आणि देवगडहून कणकवलीला चुकीची प्लेट बदलायला परत कोण जाणार.