सार्वजनिक धोरण की आंतरराष्ट्रीय संबंध, दिल्ली की अमेरिका: नाशिकच्या पदवीधरासाठी तुलनात्मक आढावा

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारची कांदा निर्यातबंदी लागू झाली आणि लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यातशुल्क लागू करूनच. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून घेतलेला हा निर्णय सार्वजनिक धोरणाचा होता. मात्र बांगलादेश, श्रीलंका आणि संयुक्त अरब अमिरातीतील खरेदीदारांनी यापुढे भारतावर कितपत विसंबून राहावे, हा प्रश्नही त्याच निर्णयाने उभा केला, आणि तो आंतरराष्ट्रीय संबंधांचा प्रश्न आहे. असे निर्णय समजून घ्यावेत आणि पुढे ते घडवण्याच्या कामात आपला हात असावा, असे वाटणाऱ्या नाशिकच्या तरुण-तरुणींसाठी हा आढावा आहे. पदवी हातात आली आहे, पदव्युत्तर शिक्षण कोठे आणि कशात घ्यावे हे ठरत नाही, अशी त्यांची स्थिती मी गृहीत धरली आहे.

पहिला निर्णय शाखेचा आहे, शाळेचा (म्हणजे विद्यापीठातील त्या विषयाच्या पदव्युत्तर संस्थेचा) नव्हे. सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमात सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, अंदाजपत्रकाचे वाचन, योजनेचे मूल्यमापन आणि कायद्याची तोंडओळख हा गाभा असतो. तेथे शिकलेल्या विद्यार्थ्याने आकडेवारी हाताळून पर्यायांची तुलना मांडावी अशी अपेक्षा असते. आंतरराष्ट्रीय संबंधांत इतिहास, राजनय, सुरक्षा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास यांवर भर असतो, आणि तेथे वाचन, लेखन व परकी भाषा यांना अधिक किंमत आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी या दोन्ही शाखा एका छपराखाली आणल्या आहेत. आपल्याकडे त्या बहुतांशी वेगळ्या राहिल्या. कांद्याच्या प्रश्नात ज्याला भाव, साठवणूक आणि ग्राहक यांचे गणित खुणावते त्याने धोरणाकडे जावे. ज्याला ढाक्यातील आयातदार काय विचार करत असेल याचे कुतूहल आहे, त्याने आंतरराष्ट्रीय संबंध निवडावेत.

अमेरिकेतील शाळांची नावे आपल्याकडे सर्वाधिक घेतली जातात, म्हणून त्यांच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. प्रिन्स्टनची शाळा १९३० साली स्थापन झाली आणि २०२० साली तिच्या नावातून राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव विद्यापीठाने काढले. हार्वर्डची शाळा १९३६ ची असून १९६६ पासून ती केनेडी यांच्या नावाने ओळखली जाते. वॉशिंग्टनमधील जॉन्स हॉपकिन्सची शाळा १९४३ ची आणि न्यूयॉर्कमधील कोलंबियाची १९४६ ची. ऐन महायुद्धात आणि त्याच्या लगोलग स्थापन झालेल्या या दोन शाळांचा कल साहजिकच जगाकडे आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये आंतरराष्ट्रीय संबंध शिकतानाही अर्थशास्त्रातून सुटका नसते, हे भाषा आणि इतिहासाच्या ओढीने तिकडे पाहणाऱ्याने लक्षात घ्यावे. या शाळांचे खरे बळ मला त्यांच्या कार्यपद्धतीत दिसते. केनेडी शाळेत धोरणाच्या पदवीसाठी दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला एखाद्या खऱ्या संस्थेच्या खऱ्या प्रश्नावर अहवाल तयार करून द्यावा लागतो, आणि कोलंबिया व प्रिन्स्टन येथेही बाहेरच्या संस्थेसाठी गटाने काम करण्याची परंपरा आहे. प्रश्नाची व्याख्या करणे, पुरावा गोळा करणे आणि निर्णय घेणाऱ्याला मोजक्या पानांत सल्ला देणे ही शिस्त आपल्या विद्यापीठांच्या परीक्षाकेंद्रित पद्धतीत सहसा लागत नाही.

खर्चाचे चित्र मात्र सरसकट एकसारखे नाही. कोलंबियासारख्या ठिकाणी केवळ शिक्षणशुल्क वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर असते, म्हणजे दोन वर्षांचे शुल्कच ८० लाख रुपयांपेक्षा अधिक होते आणि न्यूयॉर्कमधील राहणीचा खर्च त्यावर वेगळा येतो. प्रिन्स्टन थोडेच विद्यार्थी घेते आणि त्यांच्या शिक्षणशुल्काचा भार बहुतांशी स्वतः उचलते, त्यामुळे प्रवेश कठीण पण कर्ज कमी असा तिचा प्रकार आहे. पिट्सबर्गसारख्या तुलनेने स्वस्त शहरांतील विद्यापीठांतही अशा शाळा आहेत आणि केवळ नाव तितके गाजलेले नाही म्हणून त्यांना यादीतून वगळू नये.

कर्ज काढून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमेरिकी संघराज्य सरकारच्या नोकऱ्या जवळजवळ सर्वच तेथील नागरिकांसाठी राखीव असतात, आणि या शाळांतून बाहेर पडणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांचा एक मोठा मार्ग तोच आहे. शिक्षणानंतर परदेशी विद्यार्थ्याला साधारणपणे १२ महिने काम करण्याची मुभा मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटात नोंदलेल्या अभ्यासक्रमांना ती आणखी २४ महिने वाढवून मिळू शकते. संख्यात्मक भर असलेले काही धोरण अभ्यासक्रम या गटात येतात, आंतरराष्ट्रीय संबंधांचे बहुधा येत नाहीत. हे नियम बदलत असतात, म्हणून प्रवेश स्वीकारण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमाची नोंद कोणत्या गटात आहे हे विद्यापीठाला लेखी विचारावे. संगणक अभियांत्रिकीसाठी अमेरिकेत गेलेल्या शेजारच्या मुलाचा हिशेब येथे लागू पडत नाही, हे घरातील मोठ्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय अध्ययन शाळा १९५५ साली स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० साली विद्यापीठात विलीन झाली. येथे पश्चिम आशिया, दक्षिण आशिया, रशिया व मध्य आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका, युरोप अशी प्रदेशवार केंद्रे आहेत, आणि भाषांची शाळा त्याच आवारात असल्यामुळे फारसी, रशियन, चिनी शिकणारे सहाध्यायी रोज भेटतात. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी डॉक्टरेट येथूनच मिळवली. प्रवेश केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक परीक्षेतून होतो आणि वर्षाचे शिक्षणशुल्क काहीशे रुपयांत भागते. भारताच्या बाजूने जगाकडे पाहण्याची सवय मला येथे सर्वांत भक्कम वाटते. संख्याशास्त्राची बाजू मात्र धोरणाच्या शाळांच्या तुलनेत कमी भरते, आणि पुढे व्यापारविषयक संस्थांत काम करायचे असेल तर ती उणीव स्वतः भरून काढावी लागते.

धोरणासाठी देशात दोन ठिकाणांचा मी आधी विचार करीन. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१४ पासून सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. कायदा, नियमन आणि हक्क यांकडे त्याचा ओढा आहे. मुंबईच्या आयआयटीतील अशांक देसाई धोरण अध्ययन केंद्राचा अभ्यासक्रम अभियांत्रिकीच्या वातावरणात वाढला आहे, त्यामुळे पाणी, ऊर्जा, शहरे आणि तंत्रज्ञान यांचे प्रश्न तेथे स्वाभाविकपणे पुढे येतात. गोदावरीचे पाणी नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात कसे वाटायचे हा वाद समजून घेऊ इच्छिणाऱ्याला ही जागा अधिक जवळची ठरेल. पंचवटी एक्सप्रेसने घरी ये-जा करता येते, हा लाभही लहान नाही. सोनिपत, हैदराबाद आणि दिल्ली येथील खासगी शाळा शुल्काने या सरकारी संस्थांपेक्षा बऱ्याच महाग आहेत. तेथे अर्ज करताना शिष्यवृत्ती किती मिळते यावरच निर्णय घ्यावा.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. १९३० साली भारत सेवक समाजाने ती स्थापन केली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी अर्थशास्त्रीय पाहणी आणि सहकारी साखर कारखान्याची उभारणी ही दोन्ही कामे एकाच आयुष्यात केली. ही धोरणाची शाळा नव्हे, अर्थशास्त्राची आहे. परंतु ज्याचे गणित चांगले आहे त्याला येथील पदवीनंतर धोरणाच्या कामात शिरणे अवघड जात नाही.

सिंगापूरची ली क्वान यू सार्वजनिक धोरण शाळा २००४ ची आहे. आशियाई देशांतील प्रशासकांसोबत शिकण्याची संधी हे तिचे वैशिष्ट्य आहे आणि अमेरिकेपेक्षा अंतरही कमी आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.

नाशिकमध्ये हा विषय निघाला की पाठोपाठ लोकसेवा आयोगाचे नाव येते. यांपैकी कोणतीही पदवी प्रशासकीय किंवा परराष्ट्र सेवेत थेट नेत नाही. त्यासाठी नागरी सेवा परीक्षाच द्यावी लागते आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अभ्यास राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या वैकल्पिक विषयाला पूरक ठरतो, पण परीक्षा हेच ध्येय असेल तर परदेशातील दोन वर्षे आणि त्यांचे कर्ज यांचा उपयोग मला दिसत नाही.

माझा कल स्पष्टच सांगतो. आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी आधी दिल्ली, धोरणासाठी आधी मुंबई किंवा बंगळूर, आणि अमेरिका दोन-तीन वर्षांच्या कामानंतर. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हा निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना युरोपीय नियम, निर्यातदाराचा करार आणि प्रयोगशाळेचा अहवाल या तिन्हींचा अर्थ एकाच वेळी लावावा लागला. असा प्रश्न जवळून हाताळलेला विद्यार्थी परदेशी वर्गात काय विचारायचे हे जाणून जातो, आणि प्रवेशाच्या निबंधात त्याला लिहिण्यासारखे काही असते.

पैशाच्या बाजूनेही हाच क्रम सोयीचा आहे. फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीला किमान ३ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. तीन वर्षांची पदवी असल्यास जोडीला पूर्ण झालेली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका लागते आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला साधारण दोन वर्षांचा अनुभव पुरतो. जे. एन. टाटा निधी १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र वेळेत हाती यावे म्हणून विद्यापीठाचा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी सेतू केंद्रात आणि पडताळणी समितीकडे कागद सादर करावेत.