लेन्स, पॉवरचा गॉगल की नुसते डोळे? वॉटर स्कीइंगला निघालेल्या चष्मेवाल्या कोल्हापूरकरासाठी

करूळ नाहीतर फोंडा घाट उतरून मालवण-तारकर्लीला, किंवा आंबोलीवरून गोव्याला निघालेल्या कोल्हापूरच्या प्रत्येक गाडीत एक तरी चष्मेवाला असतोच. बनाना राइडला त्याचं काही अडत नाही. चष्मा काठावरच्या वहिनींच्या पर्समध्ये टाकायचा, बोटवाला पाण्यात उलटवेल तेव्हा ओरडायचं, संपलं. स्कीइंगचं तसं नाही. तिथं स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं, पुढची लाट, बाजूची बोट, पाण्यात तरंगणारे जाळ्यांचे गोळे हे सगळं आपल्यालाच बघायचं असतं. मग लेन्स घालू का, गॉगल घेऊ का, की सरळ लेसिकच, म्हणजे नंबर घालवायचं लेसरचं ऑपरेशन, करून टाकू, अशी चर्चा सुरू होते.

निकाल आधीच सांगतो, कारणं मागून. नंबर मायनस दीडपर्यंत असेल तर डोळ्यांवर काहीही न घालता जा. त्याहून जास्त असेल आणि समुद्रात स्की करायची असेल तर एकदाच वापरून फेकायच्या डेली लेन्स. पंचगंगा, रंकाळा, कळंबा किंवा कुठल्याही धरणाचं पाणी असेल तर लेन्स नाहीच. नुसतं पोहायचं असेल, मग ते पोहण्याच्या टाकीत असो की नदीत, तर पॉवरचा गॉगल. आणि केवळ वर्षातून दोनदा समुद्रावर जायचं म्हणून ऑपरेशन करायला निघाला असाल तर थांबा.

किती दिसायला हवं?

मायनस नंबरचा हिशेब सोपा आहे. शंभरला नंबरने भागा, तेवढ्या सेंटिमीटरपर्यंत चष्म्याविना स्पष्ट दिसतं. मायनस २ असेल तर अर्धा मीटर, मायनस ४ असेल तर २५ सेंटिमीटर. पुढे सगळं धूसर, पण धूसरपणातही फरक असतो. मायनस एकवाल्याला समोरची बोट, तिची दिशा, किनारा, माणसं कळतात, फक्त चेहरे कळत नाहीत. मायनस पाचवाल्याला बोट हा एक पांढरा डाग असतो.

स्कीइंगची दोरी साधारण ७५ फुटांची, म्हणजे २३ मीटर. शिकवणारा पहिल्यापासून बजावतो की पायाकडे बघू नका, मान वर, नजर बोटीवर. पायाकडे बघितलं की कंबर वाकते आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणजे या खेळात जवळचं दिसण्याची गरज जवळजवळ नाही. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागलेल्यांनी ही चिंता डोक्यातून काढून टाकावी. लांबचं आणि कडेचं दिसणं महत्त्वाचं. कडेचं म्हणजे डाव्या-उजव्या बाजूने येणारी जेट स्की. छोट्या काचांचा पोहण्याचा गॉगल नेमका हेच हिरावून घेतो.

हाताच्या खुणांचं बरं आहे. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, आणि पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडले म्हणजे मी ठीक आहे. या खुणा आपण करायच्या, बघायच्या बोटीतल्या माणसाने. त्यामुळे कमी दिसणारा अगदीच निराधार नसतो. बोटीत चालकाशिवाय मागे तोंड करून बसलेला दुसरा माणूस आहे ना, एवढं मात्र पैसे देण्याआधी बघा. चालकाने पुढे बघायचं की तुमच्याकडे?

पाणी कुठलं, यावर अर्धा निर्णय

हा खेळ जन्मला तोच गोड्या पाण्यात. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणाने लेक पेपिनवर पहिल्यांदा पाण्यावर स्की चालवून दाखवली. तिकडे आजही बहुतेक स्कीइंग तळ्यांवर चालतं, आणि लेन्सबद्दलचे सल्लेही बहुतेक तळ्याच्या पाण्याच्या अनुभवातून आलेले असतात. आपण मात्र समुद्रात जातो. फरक पडतो, तो असा.

सॉफ्ट लेन्समध्ये पाणी मुरलेलं असतं आणि तिचं गणित अश्रूंच्या खारटपणाशी जुळवलेलं असतं. अश्रूंत मीठ साधारण एक टक्क्याला थोडं कमी. त्यावर नदीचं गोडं पाणी आलं की लेन्स ते शोषून घेते, आकार बदलतो आणि ती कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, घट्ट चिकटते. आमच्या तालमीतला एक गडी अशाच मंथली, म्हणजे महिनाभर वापरायच्या, लेन्स घालून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पोहून आला आणि आरशासमोर उभा राहून चिमटीने लेन्स ओढत बसला. लेन्स हलायची नाही, डोळा लालेलाल, आणि हा अजून जोर लावतोय. त्याच्या बायकोने हात धरून त्याला खाली बसवला आणि लेन्ससाठी चालणारे ओलाव्याचे थेंब घातले. वीस मिनिटांनी लेन्स आपोआप सैल झाली. त्या वीस मिनिटांत जोराने ओढली असती तर कॉर्नियाचा वरचा थर सोलला गेला असता. चिकटलेल्या लेन्सला उतारा एवढाच: थेंब घाला, पापण्या मिटा-उघडा, पंधरा ते तीस मिनिटं वाट बघा.

समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्क्यांच्या घरात. तिथं लेन्स एवढी चिकटत नाही, पण झोंबते आणि सैल असल्यामुळे वाहून जायला वेळ लागत नाही. देवबागला त्सुनामी आयलंडच्या बाजूला जिथं वॉटर स्पोर्ट्स चालतात, तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते, म्हणजे पाणी मिसळीचं. तिथं लेन्स वाहूनही जाऊ शकते आणि चिकटूही शकते. दोन्हीची तयारी ठेवा.

आता खरी भीती. अॅकँथामिबा नावाचा एकपेशीय जीव नदीत, तळ्यात, नळाच्या पाण्यात, समुद्रात, सगळीकडे असतो. एरवी तो काही करत नाही. पण लेन्सखाली अडकला आणि कॉर्नियावर बारीकसा ओरखडा असला की आत शिरतो. हा संसर्ग ज्यांना होतो त्यांत मोठा वाटा लेन्स वापरणाऱ्यांचाच असतो. वेदना भयंकर, उपचार महिनोन् महिने, आणि कधी कधी कॉर्निया बदलण्याची वेळ येते. हा जीव संकटात कठीण कवच करून बसतो, आणि त्या कवचाला पोहण्याच्या टाकीतलं क्लोरीनही पुरेसं पडत नाही. म्हणून ‘टाकीचं पाणी स्वच्छ असतं’ हा युक्तिवाद लेन्सच्या बाबतीत लंगडा आहे. पंचगंगेच्या पाण्याबद्दल तर कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको, जलपर्णी आणि मेलेल्या माशांचे फोटो आपण दरवर्षी पेपरात बघतो.

लेन्समध्ये कुठली?

भाच्याचा नंबर मायनस साडेचार, वर थोडा सिलिंडर, म्हणजे तिरक्या नंबरचा वेगळा आकडा. राजारामपुरीतल्या चष्म्याच्या दुकानात त्याचा पहिला प्रश्न होता, “मामा, माझ्याकडं मंथली आहेत की. परत कशाला पैसे घालवायचे?”

दुकानदार काउंटरवरूनच म्हणाला, “मंथली घालून पाण्यात गेलास की महिनाभर तेच पाणी डोळ्यात घालशील.”

मुद्दा नेमका आहे. लेन्स धुवायच्या नेहमीच्या मल्टिपर्पज सोल्यूशनने अॅकँथामिबाचं कवच मरेल याची खात्री नसते. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन त्यापेक्षा बरं, पण त्याला त्याच्याच डबीत सहा तास लागतात आणि ते नीट न विरता डोळ्यात गेलं तर आग होते. सहलीच्या धांदलीत हे कोण करणार? डेली लेन्सच्या जोडीला साधारण शंभर-दीडशे रुपये पडतात. पाण्यातून बाहेर आलं, काढली, फेकली. सिलिंडरवाल्यांसाठी टोरिक डेली मिळतात. पाणी लागून ती डोळ्यात थोडी फिरली तर क्षणभर धूसर दिसतं, दोन-चारदा पापण्या मिटल्या की बहुधा जागेवर येते.

हार्ड म्हणजे आरजीपी लेन्स वापरणाऱ्यांनी त्या घरीच ठेवाव्यात. सॉफ्ट लेन्स साधारण १४ मिलिमीटरची, बुबुळापेक्षा मोठी, कडा पापणीखाली धरलेली. आरजीपी ९-१० मिलिमीटरची, बुबुळावर तरंगणारी. पाण्याचा एक फटका बसला की गेली, आणि ती महागही असते.

सॉफ्ट लेन्स तरी टिकते का? बहुतेकदा टिकते, डोळे मिटले तर. शिकाऊ माणसाला वाटतं की वेगात पडल्यावर लेन्स जाते. खरं तर धोका सुरुवातीलाच असतो. पाण्यात उकिडवं बसून दोरी धरलेली, बोट खेचायला लागते, पाण्याचा फवारा सरळ तोंडावर. तोल गेला तरी नवखा माणूस दोरी सोडत नाही, मग बोट त्याला पाण्यातून ओढत नेते आणि उघड्या डोळ्यांवर पाणी आदळत राहतं. उठताना डोळे बारीक करा, तोल गेला की हँडल सोडा आणि डोळे गच्च मिटा. वर आल्यावर आधी हाताने तोंडावरचं पाणी निपटा, मग डोळे उघडा. शिकाऊंचा वेग ताशी ३०-४० किलोमीटर असतो, स्पर्धेतल्या स्लॅलममध्ये, म्हणजे बोयांभोवती वळणं घेण्याच्या प्रकारात, पुरुषांसाठी तो ५८ पर्यंत जातो. आपण त्या वाटेला जाणार नाही, पण तिसावरही पाणी चापटीसारखं लागतं.

एक लेन्स गेली तर दुसऱ्या डोळ्याच्या भरवशावर पुढची फेरी मारू नका, अंतराचा अंदाज चुकतो. आणि लेन्स दिसत नाही म्हणजे डोळ्यामागे गेली, ही धास्ती सोडा. तिथं जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली दुमडून बसलेली असेल.

पॉवरचा गॉगल

पोहण्यासाठी याच्याइतकी चांगली वस्तू नाही. हजार-दीड हजाराच्या आसपास तयार मिळतो, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने, आणि काही प्रकारांत दोन डोळ्यांना वेगळा नंबर घेता येतो. सिलिंडर सहसा मिळत नाही. तेव्हा सिलिंडरचा अर्धा आकडा मूळ नंबरात मिळवायचा. मायनस ३ आणि सिलिंडर मायनस १ असेल तर साडेतीनचा गॉगल. सिलिंडर दोनच्या वर असेल तर हा जुगाड समाधान देत नाही.

जलतरण तलाव असो, नाहीतर गल्लीतल्या पोरांबरोबर नदीत उडी असो, मी याच्याच बाजूचा. ऑलिंपिकपटू वीरधवल खाडेच्या गावात पोहायला शिकणाऱ्या पोराला समोरची भिंत दिसायला नको?

स्कीवर मात्र तो माझ्या मते बाद. कडेचं दिसत नाही, धाप लागली की आतून धुकं धरतं, आणि पडताना पाण्याने हिसडला तर इलॅस्टिकने परत येऊन कडक कड डोळ्यावर बसू शकते. पाणी निथळायला भोकं असलेले, मोठ्या काचेचे पट्टेवाले वॉटर स्पोर्ट्स गॉगल मिळतात, नंबर घालूनही मिळतात. घ्यायचेच असतील तर पॉलिकार्बोनेटच्या काचेचे घ्या. पण तुषारांनी भरलेली काच पुसायला हात मोकळा कुठे असतो?

नेहमीचा चष्मा दोरी बांधून घालणं हा पर्याय बोटीत बसण्यापुरता. स्कीवर नको, एवढंच.

लेसिक आणि रात्रीच्या लेन्स

लेसिकचा विचार करणाऱ्याचं वय अठराच्या वर आणि नंबर किमान वर्षभर स्थिर हवा, कॉर्निया पुरेसा जाड हवा. तपासणीआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद, आरजीपी त्याहून जास्त. नंतर काही आठवडे पाण्यात जायचं नाही, म्हणजे एप्रिलमध्ये ऑपरेशन करून मेमध्ये तारकर्ली जमत नाही, आणि पावसाळ्यात तिथले वॉटर स्पोर्ट्स बंदच. शिवाय लेसिकमध्ये कॉर्नियाची जी चकती उचलून परत बसवतात, ती जोरदार मार लागला तर नंतरही सरकू शकते. तालमीत कुस्ती करणाऱ्याने किंवा स्कीइंगचं खरंच वेड लागलेल्याने डॉक्टरांना हे आधी सांगावं. चकती न उचलता होणारी पीआरके किंवा बारीक छेदाची स्माइल ते सुचवू शकतात. चष्म्याचा रोजचाच कंटाळा असेल तर जरूर करा, स्कीइंग त्यात बोनस.

ऑर्थो-के म्हणजे रात्री झोपताना घालायच्या हार्ड लेन्स. त्या कॉर्नियाला तात्पुरता आकार देतात, दिवसा काही घालावं लागत नाही. मध्यम नंबरपर्यंत चालतात, खर्चिक असतात, आणि रोजची स्वच्छता काटेकोर लागते. नळाच्या पाण्याचा थेंबही चालत नाही. रोज पोहणाऱ्या पोरासाठी विचार करावा, दोन दिवसांच्या सहलीसाठी नाही.

पिशवीत काय

डेली लेन्सच्या दोन जास्तीच्या जोड्या, ओलाव्याचे थेंब, साबण आणि कोरडा स्वच्छ नॅपकिन, आणि चष्मा. चष्मा विसरलात आणि लेन्स फेकून दिल्या, तर संध्याकाळी करूळ घाटात गाडी कोण चालवणार?

घरी आल्यावर डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, लाली उतरत नाही, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलवाल्याकडून थेंब आणून घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर संसर्ग दबून आतल्या आत वाढतो. लेन्स घालून पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. आणि लेन्स अजून फेकली नसेल तर ती आणि तिची डबी सोबत न्या, तपासणीला उपयोगी पडते.