पुण्याला ट्यूनिंगला नेलेली गाडी फक्त ९ किलोमीटर चालली: टर्बोच्या नावाखाली ३,५५,००० गेले

गाडीला टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) बसवायला गॅरेजला दिले ३,५५,००० रुपये. त्यानंतर इंजिन खोलून बांधायला लागले १,८५,४००. एकूण ५,४०,४००. लिहायला लाज वाटते, पण गप्प बसलो तर मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या त्याच शेडमध्ये उद्या दुसऱ्या कुणाची गाडी उभी असेल.

गाडी दहा वर्षं जुनी, १.५ लिटर, चार सिलिंडर, साधं पेट्रोल इंजिन, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.३. एवढ्या कॉम्प्रेशनवर मूळ पिस्टन ठेवून फार बूस्ट (टर्बोचा जादा दाब) चालत नाही, म्हणून ०.४५ बारवर ठरवलं होतं. कोटेशन असं: टर्बो ९५,०००, मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप ४२,०००, इंटरकूलर पाइपिंगसकट २८,०००, चार इंजेक्टर २६,०००, वेगळा ईसीयू (इंजिनचा संगणक) ८८,०००, पुण्याच्या डायनोवर (रोलरवर गाडीची ताकद मोजणारं मशिन) ट्यूनिंग ३५,०००, मजुरी २६,०००. झाले ३,४०,०००. वर 'आरटीओची परवानगी काढून देतो' म्हणून १५,००० रोख. यूपीआयने एक लाख, दुसऱ्या दिवशी सत्तर हजार, गाडी घेताना नव्वद हजार बँकेतून, उरलेले ऐंशी हजार रोख. पक्कं बिल नाही, 'जीएसटी कशाला भरता सर'.

मी काही न विचारता पैसे ओतले, असं कुणी म्हणू नये. इंजेक्टर किती सीसीचे, म्हणजे मिनिटाला किती पेट्रोल सोडणारे, हे विचारलं होतं. गॅरेजवाल्याने माझ्यासमोर कागदावर मांडून दाखवलं: १७० एचपी, दर एचपीला तासाला ०.६ पौंड पेट्रोल, तासाला एक पौंड म्हणजे मिनिटाला साडेदहा सीसी, भागिले चार, इंजेक्टर ८० टक्क्यांवर उघडे धरून साधारण ३३५ सीसी, म्हणून ३६० सीसीचे टाकू. हिशेब शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच विश्वास बसला. ज्याला हे येतं तो मुद्दाम चुकीचं काम करील, हे डोक्यात कसं येणार? येणारा प्रत्येक प्रश्न त्याला पाठ होता, आणि प्रत्येकाचं उत्तरही.

आता जिथे डोळे उघडायला हवे होते ती वेळ. १६ जुलैची संध्याकाळ, डिलिव्हरी. गाडी सोडताना मी मीटरचा फोटो काढला होता: ८४,३१२. परत घेताना ८४,३२१. नऊ किलोमीटर. पुण्याला जाऊन आलेली गाडी! फास्टॅगवरून एक्सप्रेसवेचे एका बाजूचे ३२० रुपये कापल्याचा मेसेजही आला नव्हता. विचारलं, तर म्हणाला, 'टो व्हॅनवर चढवून नेली सर, नवीन टर्बो ट्यूनिंगशिवाय चालवायचा नसतो.' हेही बरोबरच. मी मान डोलावली आणि नव्वद हजार पाठवले.

अरे, पण डायनोचे रोलर कोण फिरवतं? गाडीचीच पुढची चाकं. चाकं फिरली की मीटर पळतो, गाडी जागची हलो वा न हलो. कोऱ्या ईसीयूवर नीट ट्यूनिंग करायचं तर आधी इंजिन गरम होईपर्यंत चालवतात, मग प्रत्येक आरपीएमला गाडी लोडवर धरून पेट्रोलचा तक्ता भरतात, मग इग्निशनचा (ठिणगी कधी पडायची त्याचा), शेवटी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन वरच्या आरपीएमपर्यंत नेतात. तीन-चार तास लागतात. मीटर शंभरच्या वर सरकायला हवा. नऊ किलोमीटर ही त्या शेडपासून पेट्रोलपंपाची चक्कर होती. मला हे सगळं माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, कारण हातात रंगीत ग्राफ दिला होता.

तो ग्राफही बोंबलून सांगत होता. ५५०० आरपीएमला १७८ पीएस आणि १९० एनएम असं छापलं होतं. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ७०२४ म्हणजे पीएस. १९० गुणिले ५५०० भागिले ७०२४ केलं की १४९ येतात. एकाच आरपीएमचे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे तो कागद मशिनमधून आलेलाच नाही, कुणीतरी बसून बनवलाय. तळाशी तापमान १९ अंश, आर्द्रता ३१ टक्के. जुलैत, भर पावसात, पुण्यात ३१ टक्के? मोबाइलवर एक गुणाकार केला असता तर नव्वद आणि ऐंशी हजार, दोन्ही वाचले असते. तुमच्याकडे असा कागद असेल तर आत्ता करा.

डिलिव्हरीनंतर गाडी ६११ किलोमीटर चालली. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर चौथ्या गियरमध्ये खडखड ऐकू आली, मग निळा धूर, मग मिसिंग. दुसऱ्या मिस्त्रीने चारही सिलिंडरचा दाब मोजला: १७५, १७२, ६०, १७० पीएसआय. तिसऱ्याचा प्लग काढला तर चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके. पिस्टनच्या दोन रिंगांमधली भिंत तुटून बोअरला ओरखडे पडले होते. डिटोनेशनचं, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकण्याचं, हे नेहमीचं लक्षण.

टर्बो 'नवा' म्हणून घेतलेला. निघाला डिझेल गाडीचा जुना, सँडब्लास्ट करून रंगवलेला. नंबरची पट्टी काढलेली, फक्त रिव्हेटची दोन भोकं. मधल्या हाउसिंगला पाण्याच्या नळ्यांना जागाच नाही. डिझेलचा धूर साधारण ८०० अंशांवर असतो, बूस्टवरच्या पेट्रोलचा ९५० च्या पुढे जातो. त्यामुळे टर्बाइनच्या बाजूला भेग पडलेली होतीच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वापरलेला माल घेण्यात वाईट काही नाही, पण मग तो वापरलेला म्हणून आणि त्याच भावात घ्यायचा. शाफ्ट बोटांनी पुढे-मागे हलवून बघा: आत-बाहेर सरकणं जाणवताच कामा नये, बाजूला किंचित हललं तर चालतं, पण पंखा हाउसिंगला घासला तर तिथेच परत द्या.

निळा धूर टर्बोच्या सीलमुळे आहे असं गॅरेजवाला फोनवर म्हणत होता. सीलचा दोष नव्हता. टर्बोतून तेल परत येणारा पाइप चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या खाली जोडला होता आणि मध्ये त्याला वरच्या दिशेने बाक होता. हे तेल पंपाने नाही, उताराने परत येतं. पाइप आतून निदान १३ मिलिमीटर, शक्य तर १६, सगळीकडे उतार आणि चेंबरमध्ये पातळीच्या वर तोंड. नाहीतर तेल तुंबतं आणि सील चांगलं असूनही सायलेन्सरमधून बाहेर पडतं. गाडी लिफ्टवर घेऊन दोन मिनिटांत दिसणारी गोष्ट.

इंजेक्टर? मूळचेच. पुसून, नव्या ओ-रिंग टाकून परत बसवलेले. २६,००० रुपये ओ-रिंगचे.

आणि ८८,००० चा ईसीयू. काळ्या डबीत एक झेनर डायोड आणि दोन रेझिस्टर. लॅमिंग्टन रोडला शंभर रुपयांतही सुट्टे मिळतील. मूळ मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) साध्या वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो; त्यापुढे व्होल्टेज गेलं की कंपनीचा ईसीयू चेक लाइट लावून पेट्रोल तोडतो. ती डबी व्होल्टेज तिथेच अडवून ठेवत होती. म्हणजे इंजिनात दीडपट हवा जातेय आणि ईसीयूला वाटतंय काहीच बदललं नाही. पेट्रोल तेवढंच, इग्निशन तेवढंच पुढे. पूर्ण बूस्टला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे समतोल, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.७८ ते ०.८० हवा आणि सुरुवातीला दर पीएसआयला सुमारे एक अंश इग्निशन मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायची असते, म्हणजे ०.४५ बारला सहा-सात अंश. इथे एक अंशही मागे घेतलेला नव्हता. ३२ अंशांची मुंबईची हवा एवढी दाबली की इंटरकूलरच्या आधी ८० अंशांच्या आसपास जाते, त्यात १०.३ कॉम्प्रेशन. इंजिन ६११ किलोमीटर टिकलं हेच खूप. टर्बोने इंजिन मेलं नाही, न केलेल्या ट्यूनिंगने मेलं.

लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर नसेल तर पूर्ण थ्रॉटल दाबूच नका. आणि मीटर एएफआरमध्ये (एक भाग पेट्रोलला किती भाग हवा) असेल तर लक्षात ठेवा, ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा समतोल १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास आहे, लॅम्डातच वाचा. बूस्टसाठी तीन बारचा मॅप सेन्सर लागतो, तो डोळ्यांनी बघा. प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा), गॅप ०.७ मिलिमीटर. माझ्या गाडीत १.१ होता. जुने निघालेले पार्ट परत मागा. जुने इंजेक्टर दाखवता येत नसतील तर ते गाडीतच आहेत.

आता पोलीस. पहिल्या दिवशी सांगितलं, 'गाडी दिलीत, गाडी मिळाली, मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे.' दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा बिल मागितलं. कोटेशन व्हॉट्सअॅपवर आहे म्हटलं तर 'प्रिंट काढून आणा'. प्रिंट आणली तर 'याच्यावर सही कुठे आहे?' चौथ्यांदा पोलिसांनी गॅरेजवाल्याला फोन लावला, तो गोड बोलला, आणि मला सांगितलं, 'बसून मिटवा ना तुम्ही दोघं.' मीटरचा फोटो, फास्टॅगचा हिशेब, बनावट ग्राफ टेबलावर ठेवला. 'हे टेक्निकल आहे, आम्हाला नाही कळत.' अहो, गुणाकार टेक्निकल आहे? विकलेली वस्तू दिलीच नाही, खोटा कागद देऊन पैसे घेतले, याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, असं म्हटल्यावर उलटं मलाच ऐकवलं: 'मॉडिफिकेशन बेकायदेशीर आहे, केस तुमच्यावर होईल.' पाच चकरा मारल्यावर अर्जावर आवक शिक्का मिळाला. फक्त शिक्का.

त्यातलं एक खरं आहे आणि ते मी लपवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मालकाला १८२ए(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनी हात वर करते ती वेगळी. 'परवानगी काढून देतो' म्हणून १५,००० मागणारा माणूस तिथेच खोटारडा ठरत होता आणि मी पैसे दिले, कारण मला ते खरं असायला हवं होतं. असं काम ट्रॅकवरच्या गाडीलाच करा. पण माझ्या चुकीने त्याची चोरी धुतली जात नाही, आणि चोर शेडमध्ये मोकळा असताना ठाण्यात मलाच उभं केलं, याचा राग जात नाही.

पोलिसांनी नोंद घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी, टपालाने पाठवा; तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे: दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार क्रमांक घ्या. रोख दिलेले पैसे सिद्ध करणं अवघड जातं. माझे ९५,००० तसेच लटकले आहेत. इंजिन खोलायच्या आधी गॅरेजला लेखी नोटीस द्या आणि खोलताना सलग व्हिडिओ काढा, नाहीतर 'तुम्हीच पार्ट बदलले' म्हणायला तो मोकळा.

जिल्हा आयोगातल्या तक्रारीला दोन्ही मीटरचे फोटो, ग्राफ, यूपीआयच्या नोंदी, कॉम्प्रेशनचे आकडे आणि दुसऱ्या मिस्त्रीचा सहीचा अहवाल जोडलाय. टर्बो खोक्यात सील करून ठेवलाय, वरचं तेलही पुसलेलं नाही. रिव्हेटची दोन भोकं फोटोत स्पष्ट दिसतात.